दोरा कोणी निवडायचा?



इतिहासावर बोलण्यासाठी वसंत व्याख्यानमालेने आम्हास बोलावले, तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत थोडा हशा पिकला. तो साहजिकच होता. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि संपाच्या मांडवात फार झाले. पुस्तके वाचली ती कामगारांच्या वाचनालयातील, आणि वाचताना जे अडले ते ज्याला त्या धंद्यातले कळते त्यालाच विचारले. तेव्हा आज जे सांगणार आहोत त्यात पांडित्य शोधू नये.

इतिहासाच्या बाबतीत खानदेश भाग्यवान आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी धुळ्यास अखेरचा श्वास घेतला तो ३१ डिसेंबर १९२६ रोजी, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच गावी उभे राहिले. कागद जपावे कसे हे आपल्याला ठाऊक आहे. परंतु ज्या हातांनी मोट शिवली, जोडा शिवला, गिरणीचा पट्टा सांधला, त्या हातांचे कागद कोणत्याच दफ्तरात फारसे नाहीत. चामडे झिजले, दोरा कुजला, आणि त्याबरोबर त्यांचे शास्त्रही विसरले गेले. त्या शास्त्रातला एकच लहानसा प्रश्न आज घेऊ. चामडे हाताने शिवायचे तर दोरा कोणता घ्यावा, आणि तो कोणी निवडावा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कारागिराने केव्हाच दिले आहे. दुसऱ्यासाठी आमच्यासारख्यांना भांडावे लागले, आणि त्या भांडणात आम्ही एकदा चांगलेच चुकलो. तेही सांगू.

प्रथम मोटेकडे चला. आजच्या तरुणांनी मोट पाहिली असेल तर चित्रात. विजेचे पंप येण्यापूर्वी खानदेशातील बागाईत मोटेवर चाले. पांझरेच्या काठी फडांचे बंधारे होते आणि त्या शेतांना पाटाचे पाणी मिळे. पण जेथे पाट नाही तेथे विहीर, बैल आणि चामड्याची मोट हाच आधार. सोंडेची मोट भरून वर येई आणि थारोळ्यात रिकामी होई. आता विचार करा, ही वस्तू दिवसभर भिजते, रात्री वाळते, पुन्हा पहाटे भिजते. सुताचा दोरा या ओल्या-कोरड्याच्या फेऱ्यात फार दिवस टिकत नाही, कुजतो. म्हणून मोट शिवायची ती चामड्याच्याच वादीने. वादी पाण्याने फुगते आणि आरीने पाडलेले भोक स्वतःच बुजवते. जे चामडे ताणते त्याबरोबर ती ताणते, आकसते त्याबरोबर आकसते. दोरा आणि वस्तू एकाच जातीची असली की भांडण कमी, ही गोष्ट आमच्या कारागिराने कोणत्याही प्रयोगशाळेत न जाता ओळखली होती.

त्यातही निवड होतीच. जनावराच्या पाठीचे चामडे घट्ट, पोटाकडचे सैल. पोटाकडची वादी ओढली की लांबत जाते आणि शिवण ढिली पडते. म्हणून वादी पाठीची. एका कातड्यातून वादी कोठून काढायची, किती रुंद, किती जाड, हे गावचा चर्मकार ठरवी. पाटील त्याला मोट लवकर दे म्हणून दटावू शके. वादी कुठली काढ हे सांगण्याइतके त्याला कळत नसे. निवड कारागिराची होती, म्हणून शिवणीची जबाबदारीही खुशाल त्याची म्हणता येई.

हे ऐकून कोणास वाटेल की आम्ही बलुतेदारीचे गोडवे गातो आहोत. तसे मुळीच नाही. बलुत्यात कारागिराला आपल्या कामाचा भाव ठरवता येत नसे. सुगीला खळ्यावर जे पदरात पडेल ते घ्यायचे. आणि सर्वांत कडू गोष्ट अशी की, ज्याने शिवलेल्या मोटेतून पाणी वर येई त्यालाच त्या विहिरीवर चढण्याची बंदी असे. त्याचे चामडे पाण्यात बुडालेले चाले, त्याचा हात चालत नसे. पाण्याला हात लावण्याचा हक्क सांगण्यासाठी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, त्यामागे गावोगावच्या अशा विहिरी होत्या. दोऱ्याची निवड हाती होती, पण माणूसपण हाती नव्हते. हा हिशेब विसरून जुन्या कारागिरीचे कौतुक करू नये.

आता जोड्याकडे येऊ. जोडा मोटेइतका भिजत नाही, पण घाम, माती आणि घर्षण त्याच्या नशिबी आहेच. येथे वादीबरोबर तंतूचा दोराही चाले. अंबाडीचा आणि तागाचा वाख लांब व चिवट असतो, पण खरखरीत. कापसाचे सूत मऊ व गुळगुळीत, पण वाखाइतके दमदार नव्हे. कारागीर काय करी? सुताचे अनेक पदर एकत्र घेई, मांडीवर किंवा नडगीवर तळहाताने पीळ देई आणि मेणावरून ओढून काढी. हे मेण सातपुड्यातले. भिल्ल, पावरा बांधव जंगलातून मध आणि मेण काढून बाजारास आणीत. मेण नुसते लावले तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात मऊ पडते. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो हे आपणास सांगावयास नको. म्हणून मेणात राळ मिसळायची. राळ जास्त झाली तर दोरा कडक होऊन मोडतो, कमी झाली तर घामेजल्यासारखा चिकट राहतो. हे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते.

मेणाचे काम तीन प्रकारचे आहे. ते ओल आत शिरू देत नाही. ते पदर एकमेकांना चिकटवून धरते. आणि टाका घातल्यावर दोऱ्याला जागचे हलू देत नाही. यातील दुसरे काम आपल्याकडे विशेष महत्त्वाचे, कारण आपला कारागीर आरीने शिवतो. आरीच्या टोकाला एक खाच असते. आरी वरून आत जाते, खालचा दोरा खाचेत अडकवून त्याचा फास वर आणते आणि दोऱ्याचे दुसरे टोक त्या फासातून ओवून दोन्ही बाजूंनी घट्ट ओढायचे. पदर सुटे असले तर खाचेत एखादाच अडकतो, दोरा पिंजला जातो. युरोपातील चांभार सुईऐवजी डुकराचा राठ केस दोऱ्याच्या टोकाला गुंफीत व एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी ओवीत. हत्यार निराळे, म्हणून दोरा निराळा. दोरा चामड्याला जुळला पाहिजे, तसाच हत्यारालाही जुळला पाहिजे.

दोरा पारखण्याची रीतही साधी होती. दोरा दोन्ही हातांत धरून उलटा पिळायचा, म्हणजे पदर मोकळे होतात आणि मोजता येतात. मग तोडून पाहायचा. टक्कन तुटला आणि टोक बोथट राहिले तर तंतू आखूड किंवा कुजका. तंतू ओढले जाऊन टोक झुपकेदार राहिले तर दोरा चांगला. शेवटी भोक व दोरा यांचे माप. भोक मोठे आणि दोरा बारीक असेल तर पाणी आत जाते व दोरा भोकात घासतो. टाके फार जवळ घातले तर टपालाच्या तिकिटांची पट्टी जशी भोकांच्या ओळीवरून फाटते तसे चामडे फाटते. नवशिक्याला वाटते, टाके जितके जास्त तितकी मजबुती. तसे नाही.

येथून गोष्ट गिरणीकडे वळते, कारण सुताचा पुरवठा बदलला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला, आणि त्यात खानदेशच्या कापसालाही, एकाएकी भाव आला. त्याच दशकात जी. आय. पी. रेल्वे आपल्या भागात पोहोचली. १८७० च्या दशकात जळगावास खानदेश मिल उभी राहिली, पुढे अमळनेरास प्रताप मिल आणि धुळ्यासही गिरणी आली. चरख्याच्या सुताऐवजी गिरणीचे सूत बाजारात मिळू लागले. सुताचा नंबर म्हणजे काय हे गिरणीतल्या माणसाला पाठ असते. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका नंबर. २० नंबरी सूत म्हणजे पौंडाला १६,८०० यार्ड. नंबर वाढला की सूत बारीक. आपल्या देशी कापसाचा तंतू आखूड, त्यामुळे त्याचे सूत जाडे. धोतर, लुगडे, चादर यांना ते चालते. परंतु बारीक असून भक्कम असा शिवणदोरा व्हायचा तर लांब तंतूचा, मिसरी जातीचा कापूस लागतो.

परिणाम असा झाला की, ज्या खानदेशातून कापसाच्या गासड्या आगगाडीने मुंबई बंदराकडे जात होत्या, तेथल्या शिंप्याच्या दुकानात रीळ यायचे ते सातासमुद्रापलीकडचे. स्कॉटलंडातील पेस्ली गावची कोट्स कंपनी या धंद्यात जगभर पसरली होती. चामड्यासाठी जवसाच्या तंतूचा दोरा उत्तम, आणि त्यात आयर्लंडमधील लिस्बर्न गावच्या बार्बर घराण्याचे नाव मोठे. त्यांचा कारखाना १७८४ सालचा. जवस तर आपल्याकडेही पिकतो, पण आपण त्याचे तेल काढतो आणि काडी टाकून देतो. तेलासाठी पेरलेल्या जवसाची काडी आखूड राहते आणि तिचा तंतू शिवणीच्या दोऱ्यास पुरत नाही. गावच्या कारागिराला विलायती दोरा परवडण्यासारखा नव्हता. त्याने गिरणीचे जाडे सूत घेतले, सहा-आठ पदर केले, पूर्वीप्रमाणे मेण लावले आणि काम चालविले. यंत्र बदलले तरी निवड अजून त्याच्याच हाती होती.

ती निवड प्रथम हातातून गेली ती गिरणीच्या आवारात. कापसाच्या गिरणीत चामड्याचे काय काम, असे कोणी विचारील. पूर्वीची गिरणी चामड्यावाचून एक दिवस चालली नसती. इंजिनाची ताकद खात्याखात्यांत नेणारे पट्टे चामड्याचे. सूत ओढणाऱ्या वरच्या रुळांवर मेंढीचे चामडे. मागावर धोट्याला ठोसा देणारा पिकर म्हशीच्या चामड्याचा. हे सर्व कापणे, चढविणे, सांधणे यासाठी गिरणीत मोची असत. पट्ट्याचा सांधा वादीने घालताना भोके एका ओळीत न पाडता मागेपुढे पाडावी लागतात, नाहीतर पट्टा त्या ओळीवरच तुटतो. आणि पट्टा तुटला की त्याच्यावरची सगळी यंत्रे थांबतात. जुने सभासद आम्हास सांगत की, वादी स्टोअरमधून जी मिळेल ती घ्यायची, आणि सांधा तुटला की जाब मात्र मोच्याने द्यायचा. निवड एकाची आणि दंड दुसऱ्याला, ही रीत येथून सुरू झाली.

याहून मोठी गोष्ट दोऱ्याचीच आहे. मुंबईच्या गिरण्यांत कांडी बदलताना विणकराला धोट्याच्या छिद्रातून दोऱ्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्या दोऱ्याला अस्पृश्य मानलेल्या माणसाचे ओठ लागू नयेत, म्हणून मागखात्यात त्याला प्रवेश नव्हता. आणि मागखात्यातच पगार चांगला. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. बघा, जो माणूस आपल्या घरी दोऱ्याचे टोक ओठात धरून मेण लावी, त्याच्या हातचा जोडा सगळ्या गावाच्या पायात चाले. पण त्याच ओठांतून आलेला दोरा धोतराच्या विणीत चालत नव्हता. पिकर त्याच्या बांधवांनी कमावलेल्या चामड्याचा, पट्टा त्यानेच सांधलेला, आणि मागाची जागा तेवढी त्याला बंद.

आम्ही युनियनची माणसे हे सांगताना मान खाली घालतो, कारण ही बंदी केवळ मालकाने घातलेली नव्हती. ती सोबतच्या कामगारांनीही राखली होती आणि पुढाऱ्यांनी चालू दिली होती. येथून जवळच, मनमाडला, फेब्रुवारी १९३८ मध्ये जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तेथे बाबासाहेबांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आमच्या चळवळीने दुसऱ्या शत्रूवर पुष्कळ भाषणे केली. पहिल्याविषयी बोलायला फार उशीर केला.

आता आमच्या चुकीकडे येतो. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स याने १९३५ साली नायलॉन तयार केले आणि १९३८ साली ते जगापुढे आले. काही वर्षांनी इंग्लंडमध्ये पॉलिएस्टरचा धागा निघाला. हे धागे कुजत नाहीत, मेणावाचून चालतात, ओढायला भारी. हळूहळू आपल्या रस्त्यावरच्या कारागिराच्या पेटीतही त्यांनी जागा मिळविली.

१९९० च्या दशकातील गोष्ट. आपल्याच भागातील एका लहान कारखान्यात पट्टे आणि पिशव्या हाताने शिवण्याचे काम नगावर चाले. नाव सांगण्याचे कारण नाही; तो कारखाना आज नाही. मालक स्वस्तातला सुती दोरा देई, पहिल्याच पावसाळ्यात शिवण उसवे, माल परत येई आणि त्याचे पैसे शिवणाऱ्यांच्या मजुरीतून कापले जात. आम्ही तेव्हा तरुण होतो आणि आम्हास सर्व काही कळत होते. कचेरीच्या आढ्याला हूक होता. त्याला एकदा सुती दोरा आणि एकदा नायलॉनचा दोरा बांधून खाली वजने टांगली. सुती तुटला, नायलॉनने सगळी वजने पेलली. आम्ही टाळ्या घेतल्या, मालकाकडे मोर्चा नेला आणि नायलॉनचा दोरा मंजूर करून आणला. विजयाचे पेढेही वाटले.

दोन-अडीच महिन्यांत माल पुन्हा परत आला. या वेळी दोरा शाबूत होता आणि चामडेच भोकाभोकाने चिरले होते. मालक म्हणाला, आता हा दोरा तर तुमच्याच युनियनचा आहे. कपात पुन्हा सुरू झाली, आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हा त्या कारखान्यातले एक वयस्क कारागीर, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, आमच्याजवळ येऊन बसले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, “भाऊ, दोरा तुटना ते परत शिवता येस, चामडं फाटनं ते काय करशात?”

आम्ही विचारले, “आप्पा, हे आधी का नाही सांगितले?”

ते म्हणाले, “तुम्ही इचारं कोठे?”

या दोन वाक्यांत आमचे सगळे शिक्षण झाले. शिवणीत दोरा चामड्यापेक्षा किंचित कमजोरच हवा. ताण आला तर दोऱ्याने तुटावे, म्हणजे पुन्हा त्याच भोकांतून शिवता येते. दोरा चामड्यापेक्षा जबरदस्त आणि बारीक असला तर तो पातळ चामड्याला तारेसारखा कापतो. शिवाय नायलॉन ताणतो आणि पुन्हा आखडतो. त्याची गाठ सरकते. उन्हात तो पॉलिएस्टरपेक्षा लवकर झिजतो. आप्पांनी सांगितले ते असे की, त्या पातळ चामड्याला जाडसर, चांगला मेण लावलेला सुती दोरा पुरे होता. टाका थोडा लांब आणि ओढ थोडी हलकी हवी होती. जाड पट्ट्याला आणि भिजणाऱ्या पिशवीला पॉलिएस्टर द्यावा. मूळ दोष दोरा सुती असण्याचा नव्हता. तो आखूड तंतूचा, कमी पिळाचा आणि बिनमेणाचा होता.

मग आम्ही मागणी बदलली. अमुक दोरा द्या, ही मागणीच चूक होती. नवी मागणी अशी की, प्रत्येक नव्या मालाचा पहिला नग शिवणाऱ्यांनी आपल्या पसंतीच्या दोऱ्याने शिवून दाखवावा. तो दोरा मालकाच्या खर्चाने यावा. आणि ठरलेला दोरा न देता काम करून घेतले तर परत आलेल्या मालाची कपात होऊ नये. मालकाने पुष्कळ कुरकूर केली, पण अखेर सही केली. कारण त्याचाही फायदा होता. कारखाना पुढे बंद पडला. तो करार आमच्या कपाटात आहे. आमच्या आयुष्यात मोठे मोठे करार झाले, पण कारागिराच्या अक्कलहुशारीला ज्यात लेखी मान मिळाला असा हा पहिलाच.

आज हाताने चामडे शिवणारे आपल्या गावात उरले ते बहुतेक रस्त्याच्या कडेला. सरकारी भाषेत त्यांना गटई कामगार म्हणतात. १९७४ साली स्थापन झालेल्या, संत रोहिदासांच्या नावाच्या चर्मोद्योग महामंडळामार्फत योजना चालतात, पत्र्याचे स्टॉल देण्याची योजनाही आहे. वादीने शिवलेल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२५ साली इटलीतील प्राडा या बड्या कंपनीने तसल्याच चपला मिलानच्या मंचावर मिरविल्या तेव्हा जगभर गवगवा झाला. नक्षीची चर्चा झाली, किमतीची झाली. वादी कोण काढतो, कुठली काढतो, हे विचारणारे थोडेच निघाले.

आम्ही काही कोणास जुना दोरा वापरा, नवा टाका, असे सांगत नाही. पॉलिएस्टर चांगला असेल तेथे तोच वापरावा. आमचे म्हणणे एवढेच आहे की, हात ज्याचा, अनुभव ज्याचा आणि दंडही ज्याला, त्याच्याकडे निवड हवी. हे चामड्यापुरते नाही. दवाखान्यातील परिचारिका, शाळेतील शिक्षक, एस. टी. चा मेकॅनिक, सर्वांना ते लागू आहे.

उद्या आपल्या बॅगेचा पट्टा उसवला म्हणजे आपण कोपऱ्यावरच्या कारागिराकडे जाल. घाईत आपण म्हणतो, “जरा मजबूत दोरा लावा.” त्याऐवजी एकदा विचारून पाहा, “दादा, याला तुम्ही कोणता दोरा लावाल, आणि का?” पाच मिनिटे जास्त लागतील. आम्हास तो प्रश्न विचारायला फार वर्षे लागली.